झुर्कोची हिरवी खुर्ची

वॉल्टर झुर्कोची स्वयंपाकघरातली जुनी खुर्ची जानेवारीत मोडली आणि तिथून सगळं सुरू झालं. बूट चढवायला तो तिच्यावर टेकला, मागचा एक पाय करकरला, आणि दारासारखा रुंद म्हातारा धाडकन जमिनीवर आला.

“लागलं का?” त्याच्या बायकोनं, आयरीननं, पलंगावरूनच विचारलं.

“खुर्चीला लागलं,” झुर्को म्हणाला.

तशी ती खुर्ची घरात बसायची नव्हतीच. तिचं खरं काम रस्त्यावर होतं. हॅरोसबर्गच्या एल्डर स्ट्रीटवर बर्फ पडला की ज्यानं फावडं घेऊन गाडीची जागा मोकळी केली, ती जागा त्याची. गाडी घेऊन बाहेर पडताना तिथं एक खुर्ची ठेवायची. परत येईपर्यंत ती खुर्ची म्हणजे तो माणूसच. हा कायदा कुठं लिहिलेला नव्हता, पण पोलीसही तो पाळत, कारण तेही अशाच चढाच्या रस्त्यांवर वाढलेले. कुणाची बायको कुणाबरोबर पळाली हे एल्डर स्ट्रीट दोन-चार वर्षांत विसरून जाई. कुणी कुणाची खुर्ची हलवली हे मात्र नातवंडांना सांगितलं जाई.

खुर्ची मोडली आणि बाहेर तर बर्फ पडत होता. मंगळवार होता. मंगळवार, गुरुवार, शनिवार आयरीनला डायलिसिसला न्यावं लागे. परत येताना तिच्या पायांत त्राण नसे. गाडी दाराशीच लागली पाहिजे. झुर्को तळघरात गेला. तिथं एकच खुर्ची होती. तो तिच्याकडे जरा वेळ बघत उभा राहिला, मग खांद्यावर टाकून वर आला.

ती हिरवी होती.

पोर्ट क्लेअर या तळ्याकाठच्या गावचं जुनं स्टेडियम पाडलं तेव्हा तिथल्या खुर्च्या लोकांनी आठवण म्हणून घरी नेल्या. ही आयरीनच्या वडिलांची. लाकडी पट्ट्यांची, बिडाच्या बाजूंची, अँकर्स संघाच्या गडद हिरव्या रंगातली. म्हातारा आयुष्यभर दर हंगामात तिच्यावर बसून ओरडला होता. झुर्कोनं तिला नळीचे तुकडे वेल्ड करून पाय लावले होते, म्हणजे ती उभी राहील. राहिलीही. फक्त ती हॅरोसबर्गमध्ये उभी होती, आणि हॅरोसबर्ग हे लाल हॅमर्सचं गाव. हॅमर्स आणि अँकर्स यांचं वैर इतकं जुनं, की सेंट पॅट्रिकच्या सणाला हिरवं घालायची रीत असूनही इथले आयरिश लोक ते घालताना आधी खिडकीतून बाहेर बघत.

आता झुर्को कोण हे सांगायला हवं, नाहीतर खुर्चीचा राग कळायचा नाही.

तो अमेरिकन फुटबॉलमधला लाईनमन. म्हणजे ज्याच्या हातात चेंडू सहसा येतच नाही असा खेळाडू. समोरचा गडी बैलासारखा अंगावर येतो, त्याला अडवायचं आणि आपली जागा सोडायची नाही. मागून दुसराच कुणी चेंडू घेऊन पळतो आणि वर्तमानपत्रात त्याचा फोटो येतो. पोर्ट क्लेअरला अँकर्सकडून झुर्को पाच हंगाम खेळला. तिथंच आयरीन भेटली. मग एका ऑगस्टमध्ये त्याला कचेरीत बोलावून सांगितलं, उद्यापासून तू हॅमर्सचा. बदल्यात हॅमर्सचा क्लॅरेन्स टिलरी अँकर्सकडे गेला. मंडईत एक कोबी परत करून दुसरा घ्यावा, तसा व्यवहार.

घरं शोधायला दोघांनाही वेळ नव्हता. फोनवर ठरवून ते हमरस्त्यावर अर्ध्या वाटेत एका खाणावळीत भेटले, चेरीची पेस्ट्री खाल्ली आणि भाड्याच्या घरांच्या किल्ल्यांची अदलाबदल केली. झुर्कोला कपाटात टिलरीच्या तिखट सॉसच्या बाटल्या सापडल्या. टिलरीला फ्रीजरमध्ये आयरीनच्या हातची पिरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या करंज्या. पुढं मैदानात दोघं समोरासमोर आले, तेव्हा टिलरी कमरेत वाकून म्हणाला, “तुझी बायको बटाट्यात मीठ कमी घालते,” आणि झुर्कोला हसू आवरेपर्यंत त्यानं त्याला उताणा पाडला.

असं दोघांनी एकमेकांना दोन्ही रंगांत ढकललं. खेळ संपल्यावर टिलरी बायकोच्या माहेरी म्हणून हॅरोसबर्गला परत आला आणि एल्डर स्ट्रीटवरच घर घेतलं, झुर्कोपासून तीन दारं खाली. गावानं टिलरीला डोक्यावर घेतलं. त्याला नेलं होतं, त्यात त्याचा काय दोष? त्याची हिरव्यातली वर्षं कुणी मोजलीच नाहीत. कोपऱ्यावरच्या डोनाच्या बारमध्ये त्याचा लाल शर्टातला फोटो लागला आणि त्याची बिअर कायमची फुकट झाली. झुर्को मात्र आलेला. सात हंगाम तो लालमध्ये खेळला, दोन्ही गुडघे याच गावासाठी खर्ची घातले, नंतर बसच्या डेपोत वेल्डर म्हणून निवृत्त झाला, तरी त्याचं नाव तेच राहिलं: तळ्याकडचा झुर्को. त्याचा फोटो कुठंच नव्हता. त्यानं कधी विचारलंही नाही.

त्या मंगळवारी दुपारी तो आयरीनला घेऊन परत आला, तर दारासमोर, त्यानं सकाळी उपसलेल्या जागेत, चक बेंकोचा ट्रक उभा. हिरवी खुर्ची बर्फाच्या ढिगात पाय वर करून पडलेली.

चक त्यांचा शेजारी, पन्नाशीचा, पुलांना रंग देणाऱ्या टोळीत कामाला. लहानपणापासून हॅमर्सचा वेडा, बापासारखाच.

झुर्कोनं गाडी मागं घेतली. जागा मिळाली ती पार खाली, चर्चच्या भिंतीशी. तिथून घर म्हणजे सरळ चढ, आणि पायवाट काचेसारखी झालेली.

“बस इथंच,” तो आयरीनला म्हणाला. वर गेला, खुर्ची उपसून काढली, बर्फ झटकला आणि खांद्यावर घेऊन खाली आला. मग एका हातात आयरीन आणि दुसऱ्या हातात खुर्ची, अशी वरात निघाली. चार घरं चढलं की खुर्ची टेकायची, आयरीननं बसायचं, श्वास घ्यायचा, पुन्हा उठायचं. पडद्यांआडून माणसं बघत होती. अख्ख्या रस्त्याला हिरवी खुर्ची दिसली.

चकच्या दारासमोर झुर्कोनं ती पुन्हा टेकवली.

“आत्ताच तर बसले होते,” आयरीन म्हणाली. “आपलं घर आलं की.”

“तरी बस.”

ती बसली. चकचं दार उघडलं.

“मिस्टर झुर्को, तुमच्याबद्दल माझ्या मनात काही नाही हां,” चक पायरीवरूनच म्हणाला.

“मग माझ्या जागेत तुझा ट्रक कसा?”

“जागा धरली कुठं होती? तिथं खुर्ची नव्हती.”

“ही काय आहे?”

“ही खुर्ची नाही. ही शिवी आहे.”

आयरीननं मान वर केली. “चक, मी शिवीवर बसलेय का रे?”

चक कानापर्यंत लाल झाला. “तुम्हाला कोण काय म्हणतंय, मिसेस झुर्को! पण माझे वडील कबरीत उठून बसतील. एल्डर स्ट्रीटवर हिरवी खुर्ची, तीही आमच्या दाराशेजारी!”

“उठून बसले तर बसायला ही दे त्यांना,” झुर्को म्हणाला आणि आयरीनला हात दिला.

संध्याकाळी डोना आली. बारवाली डोना म्हणजे या रस्त्याची सरपंचच. भांडण कुणाचंही असो, निकाल तिच्या काउंटरवर लागे. तिच्या काखेत घडीची नवी खुर्ची होती. लाल, पाठीवर पांढरा हातोडा.

“ही घे,” ती म्हणाली. “बारची आहे, तुला दिली. ही ठेवलीस तर देवाशपथ कुणी बोट लावणार नाही. चकची हमी माझी.”

“आणि हिरवी ठेवली तर?”

“तर मी कुणाकुणाचे हात धरू, वॉल्ट? अरे, खुर्चीच आहे ती. तळघरात ठेव, उन्हाळ्यात मागच्या अंगणात काढ, तिच्यावर बसून बिअर पी. रस्त्यावर कशाला?”

आयरीन पलंगावर पाय शेकत होती. “घे ना रे,” ती म्हणाली. “माझ्या पायांना रंग कळत नाही.”

झुर्को खिडकीशी उभा होता. बोलणं हा त्याचा प्रांत नव्हता. मैदानातही त्याच्या वाटचं सगळं टिलरीच बोलायचा. तो म्हणाला, “नको.”

“का पण?”

“आपण आलो तेव्हापासून या रस्त्यावर बर्फ मी उपसतोय. माझा उपसला, शेजाऱ्यांचा उपसला. चकची आई आजारी होती तेव्हा तिच्या पायऱ्याही. फावडं बघून कुणी विचारलं नाही, तुझा रंग कुठला. आता खुर्चीचा विचारतात. लाल ठेवली तर जागा लाल खुर्चीची होईल. उपसलेली मी, आणि जागा तिची!”

“आणि परवा आयरीनला चढ कोण चढवणार?” डोनानं कमरेवर हात ठेवले. “तुझा हट्ट?”

“हो. माझा हट्ट.”

“गाढव आहेस.”

“तळ्याकडचं गाढव,” झुर्को म्हणाला.

डोना लाल खुर्ची घेऊन गेली. दार लागल्यावर आयरीननं पाय पांघरुणात घेतले. मग म्हणाली, “तुला सांगू? मला ती खुर्ची कधीच आवडली नाही. पट्ट्या टोचतात. बाबा उशी घेऊन बसायचे तिच्यावर.”

“मग?”

“मग काही नाही. उशी घे.”

बुधवारी चकचा ट्रक हलला नाही. रात्री पुन्हा बर्फ पडला. गुरुवारी पहाटे चक कामावर गेला आणि झुर्को फावडं घेऊन बाहेर आला. ट्रकनं दाबून दगड केलेला बर्फ त्यानं फोडला, कडेपर्यंत साफ केला, वर चुलीची राख पसरली. मग खालच्या चर्चपासून गाडी आणून दाराशी लावली. पाठ सरळ करत होता तेव्हा टिलरी आला, हातात कॉफीचा मग. टिलरीचे केस पांढरे झाले होते, पण खांदे तेच.

“आता?” टिलरीनं विचारलं. “बायकोला घेऊन निघालास की मागं पुन्हा तेच. चक दुपारी परत येतो.”

“माहितेय.”

“लाल घेतली असतीस तर मरत होतास का? मी तुझ्या जागी असतो तर घेतली असती.”

“तू घेतलीसच की,” झुर्को म्हणाला. “इथं आलास तेव्हापासून तिच्यावरच बसलायस. बिअरसकट.”

टिलरी बोलका माणूस.  पण त्यानं नुसता कॉफीचा एक घोट घेतला, उरलेली बर्फात ओतली. तिथं तपकिरी खड्डा पडला. 

“किल्ली दे,” टिलरी म्हणाला.

“कसली?”

“तुझ्या गाडीची. आयरीनला मी नेतो, मी आणतो. तू इथं थांब. एकदा घराची दिली होतीस, गाडीची द्यायला काय होतंय?”

झुर्कोनं हातमोजा काढला आणि किल्ली दिली. आयरीनला दोघांनी मिळून बसवलं. “मिठाचं काढू नकोस हां,” तिनं टिलरीला बजावलं, “एवढी वर्षं ऐकतेय.”

“आता तर डॉक्टरच मीठ बंद म्हणतात,” टिलरी म्हणाला. “तू आधीपासूनच बरोबर होतीस.”

गाडी गेली. मोकळ्या जागेच्या मधोमध झुर्कोनं हिरवी खुर्ची मांडली, तिच्यावर उशी ठेवली, आणि बसला.

सकाळभर तो तिथं बसून होता. मांडीवर घोंगडी, कानटोपी भुवयांपर्यंत. कामाला जाणारे आधी हसले, मग त्यांनी हसणं थांबवलं. कुणी म्हणालं, “वॉल्ट, मॅच कधी सुरू होतेय?” कुणी म्हणालं, “पॉपकॉर्न आणू?” डोनानं माशाचं सँडविच पाठवलं नाही, स्वतः घेऊन आली, त्याच्या मांडीवर ठेवलं आणि तशीच परत गेली. झुर्कोनं ते खाल्लं. पाय बधिर होत होते, पण जागेवर उभं राहणं किंवा बसणं, एवढंच काम त्याला आयुष्यात नीट जमलं होतं.

दुपारी चकचा ट्रक चढ चढून आला. रस्ता एकेरी, खालून वर जाणारा. ट्रक झुर्कोच्या समोर थांबला आणि हॉर्न वाजला.

झुर्को हलला नाही.

चकनं काच खाली केली. “उठा, मिस्टर झुर्को. गारठून मराल.”

“उठव.”

“मी म्हाताऱ्या माणसाला हात लावणार नाही.”

“मग हॉर्न वाजव.”

चकनं ट्रकचं तोंड जागेत वळवलं आणि हळूहळू पुढं आणलं. एवढं पुढं, की इंजिनाची ऊब झुर्कोच्या नडग्यांना लागली. लोक पायऱ्यांवर आले. डोना बारच्या दारातून ओरडली, “चक बेंको, वेडा झालास का?” झुर्कोनं चकच्या डोळ्यांकडे पाहिलं नाही. डोळे खोटं बोलतात, हे त्याला पहिल्याच हंगामात शिकवलं होतं. त्यानं पुढच्या चाकांकडे पाहिलं. चाकं थांबली होती. माणूस येणार असेल तर आधी खालून कळतं. हा येणार नव्हता.

“ऊब बरी आहे,” झुर्को म्हणाला. “चालू ठेव.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. तेवढ्यात मागून दुसरा हॉर्न वाजला. झुर्कोचीच गाडी होती, टिलरी चालवत होता, शेजारी आयरीन. ट्रकनं वाट अडवली होती. टिलरी खाली उतरला.

“काय झालं, चक?”

“तुम्हीच सांगा यांना, क्लॅरेन्स,” चकचा आवाज जरा चिरकला. “हॅमर्सच्या गावात हे शोभतं का? तुम्ही तर आपले!”

“मी?” टिलरीनं टोपी काढून बर्फ झटकला. “मी चार वर्षं हिरव्यात खेळलो, चक. तुझा बाप स्टेडियमवर यायचा तेव्हा त्याच्या डोळ्यांदेखत मी हॅमर्सच्या पोरांना आडवं करायचो. परत आल्यावर पहिली बिअर मला त्यानंच पाजली. या दोन्ही संघांकडून मी खेळलो, तसाच हाही खेळला. मला बिअर आणि याला शिवी, हे मी आजवर गपगुमान पीत आलो. भिंतीवरचा माझा फोटो काढायचा असेल तर काढा. पण आधी ट्रक काढ.”

हे तो मोठ्यानं म्हणाला, बारच्या दिशेला तोंड करून. डोना दारातच होती. 

गाडीची काच खाली आली. “चक,” आयरीन म्हणाली, “माझे पाय गार पडलेत रे.”

चकनं स्टिअरिंगवर हात आपटला. मग ट्रक मागं घेतला, वळवला आणि चढावरून वर निघून गेला.

झुर्को उठायला गेला तर गुडघे उठेनात. टिलरीनं हात पुढं केला. “आयुष्यभर तुला पाडत आलो. उठवायची पहिलीच वेळ.”

“फार बोलतोस,” झुर्को म्हणाला, पण हात घट्ट धरला.

आयरीन दारातून सरळ आत गेली. झुर्को खुर्ची उचलायला बाहेर राहिला. खुर्ची आता मोकळी होती, जागेत गाडी होती. तेव्हा त्याला खाली चर्चपाशी चक दिसला. वर कुठं जागा मिळाली नसणार, म्हणून फिरून खाली येऊन त्यानं ट्रक तिथं लावला होता. डबा काखेत मारून तो चढ चढत होता. पुलांवरच्या कामानं त्याचाही एक गुडघा गेलेला. चार घरं चढून तो थांबला, कुंपणाला टेकायला गेला, तर कुंपणावर बर्फ. तसाच वाकून उभा राहिला, तोंडातून वाफ निघत होती.

झुर्को बघत राहिला. मग त्यानं खुर्ची खांद्यावर घेतली आणि राख टाकलेल्या कडेकडेनं खाली उतरला. चकच्या पुढ्यात ती दणकन टेकवली. उशी अजून तिच्यावरच होती.

“बस.”

“हिरवीत?” चकला धाप लागली होती. “मेलो तरी नाही.”

“मग इथंच मर. मला घाई नाही.”

चकनं खुर्चीकडे पाहिलं, खिडक्यांकडे पाहिलं. मग त्यानं पाठीच्या वरच्या पट्टीवर नुसता एक हात टेकला आणि सगळा भार तिच्यावर टाकला. बिडाची खुर्ची जागची हलली नाही. 

“मी बसलो नाही हां,” श्वास जरा बसल्यावर चक म्हणाला.

“नाही बसलास,” झुर्को म्हणाला. “अजून तीन थांबे आहेत. चल.”

त्यानं खुर्ची उचलली आणि पुढं निघाला.